नंबर विसावा, मग यायचं किती वाजता?

सोमवार, रात्री

सोमवारची संध्याकाळची ओपीडी आठवड्यातली सगळ्यात जड. रविवारी दवाखाना बंद, शनिवारपासूनचा ताप अंगावर काढलेला, त्यात पावसाळा. सहाच्या आधीच बाकं भरतात आणि चपला पायरीपर्यंत येतात. डॉक्टर हळू तपासतात म्हणून खोळंबा होतो, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. खरं कारण काउंटरवरच्या वहीत आहे. नाव, वय, फोन, नवा की जुना, एवढेच रकाने. वेळेचा रकानाच नाही. त्यामुळे पस्तिसावा नंबर लागलेला माणूसही सहालाच येऊन बसतो.

हिशेब अवघड नाही. सहा ते साडेनऊ म्हणजे २१० मिनिटं. ३५ पेशंट असतील तर माणशी सहा मिनिटं. विसाव्याच्या आधी एकोणीस जण, म्हणजे ११४ मिनिटं. त्याची पाळी आठच्या सुमाराला. त्याला ‘सात चाळीसला या’ एवढं सांगितलं तरी त्याचा दीड तासापेक्षा जास्त वेळ वाचतो आणि बाकावर जागाही होते. सहा मिनिटं हा आकडा मात्र दुसऱ्याच्या दवाखान्यातून उचलू नये. चार-पाच संध्याकाळी पहिला पेशंट आत गेल्याची आणि शेवटचा बाहेर आल्याची वेळ लिहावी आणि पेशंटच्या संख्येनं भागावं. त्यात मध्येच आलेले फोन, एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी), सगळं आपोआप धरलं जातं.

तपासायचा वेळ कमी करणं हा उपाय नव्हे. २०१७ साली ६७ देशांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. प्राथमिक तपासणीला डॉक्टर सरासरी किती वेळ देतात, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. त्यातून आणखी काय कापणार?

वेळ दिली तरी लोक लवकर येतात, कारण ‘माझा नंबर पुढे गेला तर?’ ही भीती. म्हणून नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा: नंबर चुकला तर आल्यावर दोन पेशंटनंतर आत सोडू. तो कुणासाठीही न मोडता पाळला, तर लोकांचा दिलेल्या वेळेवर विश्वास बसायला लागतो.

दुसरी चूक म्हणजे वही गच्च भरणं. सहा मिनिटांनी एक म्हणजे तासाला दहा. दहाही नंबर देऊन टाकले आणि एखाद्या आजीबाईंना वीस मिनिटं लागली, तर तो उशीर रात्रीपर्यंत भरून निघत नाही, पुढच्या प्रत्येकाच्या माथी बसतो. तासाला आठच द्यावेत. उरलेल्या दोन जागांत न सांगता आलेले पेशंट बसतात. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत आठही पुष्कळ होतात; तेव्हा निम्मे नंबर त्याच दिवशी येणाऱ्यांसाठी ठेवावेत. सुरुवातीला मात्र दोघांना एकदम बोलवावं, म्हणजे एकाला उशीर झाला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत. ब्रिटनमध्ये बेली आणि वेल्च यांनी १९५२ मध्ये ओपीडीच्या रांगांचा अभ्यास करून हेच सुचवलं होतं.

आणि ते ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय, एक मिनिट’. एक मिनिटात कधीच होत नाही. रिपोर्ट वाचायचा, गोळी बदलायची, पथ्य सांगायचं, तीन मिनिटं जातातच. असे दहा जण मधून घुसले की अर्धा तास गेला, आणि वहीत त्याची नोंदही नाही. रिपोर्टवाल्यांसाठी शेवटचा अर्धा तास वेगळा ठेवावा. एमआर मंडळींना ओपीडी सुरू व्हायच्या आधीची वेळ द्यावी.

रांग मोडून आत सोडायचं ते आजार बघून, ओळख बघून नाही. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, फिट, अंगावर पिणारं बाळ दूध सोडून मलूल पडणं. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तेही. काउंटरवरच्या माणसाला ही यादी तोंडपाठ हवी. लकव्याची शंका आली तर बाकावर बसवूच नये, १०८ ला फोन करून मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात.

शुगरच्या पेशंटची मला जास्त काळजी वाटते. संध्याकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन यायचं, ‘नंबर झाला की घरी जाऊन जेवू’ म्हणायचं, आणि साडेनऊ वाजतात. घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी. शेजारच्याला वाटतं गर्दीमुळे होतंय. जेवणाआधीचं औषध घेतलं असेल तर जेवूनच निघावं, आणि खिशात बिस्किटांबरोबर साखर ठेवावी. साखर उतरली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट डॉक्टरांना हाक मारावी. काउंटरच्या खणात ग्लुकोमीटर आणि साखरेचा डबा ठेवायला कितीसा खर्च येतो?