उचल न घेताच वसुली

माझा भाचा अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर (तिथल्या कंपनीने अर्ज केल्यावर परदेशी कुशल कर्मचाऱ्याला मिळणारा कामाचा व्हिसा) आहे. चौदा महिन्यांपूर्वी धरलेली नोकरी त्याने सोडली, तेव्हा कंपनीने तीन ओळींचा हिशेब पाठवला : वकिलाची फी, प्रशिक्षण शुल्क आणि स्थलांतराचा खर्च. ही रक्कम शेवटच्या पगारातून वळती करू आणि उरलेली तीस दिवसांत भरावी, असे खाली लिहिले होते. माझी बहीण ते पान छापून गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी आली. ‘दादा, करारावर सही त्याचीच आहे रे,’ एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतात. ती पद्धत पिळवणुकीचीच आहे, परंतु तिथे पैसे निदान मजुराच्या हातात तरी पडतात. इथे पहिल्या दोन ओळींतला एक डॉलरही भाच्याच्या हातात आलेला नव्हता. ‘प्रशिक्षण शुल्क, १,५०० डॉलर’ ही ओळ वाचून मी त्याला फोनवर विचारले, की प्रशिक्षण किती दिवसांचे झाले. एकाही दिवसाचे झाले नव्हते. ते शुल्क म्हणजे व्हिसाचा अर्ज करताना कंपनीने सरकारजमा करायची रक्कम आहे (मनुष्यबळ पंचवीसपर्यंत असेल तर ७५०, त्याहून अधिक असेल तर १,५०० डॉलर), आणि ती कर्मचाऱ्याकडून कोणत्याही मार्गाने वसूल करण्यास तिथल्या कायद्याने मनाई केली आहे. अर्ज तयार करणाऱ्या वकिलाची फी हाही कंपनीच्या धंद्याचाच खर्च मानला जातो. तो पगारातून कापायला कर्मचाऱ्याची लेखी संमतीसुद्धा पुरत नाही.

तिसरी ओळ मात्र खरी होती. सामान हलवण्यासाठी ३,००० डॉलर त्याच्या खात्यात जमा झाले होते आणि चोवीस महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परत करायचे ठरले होते. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल दंड घेता येत नाही. परंतु नुकसानीचा वाजवी, आधी ठरवलेला अंदाज त्या त्या राज्याच्या कायद्यात बसत असेल, तर घेता येतो. आपल्या १८७२च्या करार कायद्याचे कलम ७४ साधारण याच दिशेने जाते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा बाँड (तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याचा करार) वैध ठरवला, तेही मी बहिणीला सांगितले, कारण प्रत्येक बाँड कागदापुरताच असतो असा तिचा समज होऊ द्यायचा नव्हता. (परतीच्या विमानभाड्याचा विषयही तिने काढला. व्हिसाची मुदत संपण्याआधी कंपनीने काढून टाकले तर ते कंपनीवर असते, स्वतः राजीनामा दिला तर नसते.)

भाच्याने प्रत्येक ओळीचा आधार लेखी मागितला आणि गरज पडल्यास अमेरिकी श्रम खात्याकडे बारा महिन्यांच्या आत तक्रार करता येते, याचाही सौम्य शब्दांत उल्लेख केला. आठ दिवसांनी सुधारित हिशेब आला. त्यात एकच ओळ होती : स्थलांतर, दहा महिने, १,२५० डॉलर. ते त्याने त्याच दिवशी भरले.