फॉर्मवर मी ‘मराठी’ लिहिलं

पुण्याहून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला आलो तेव्हा माझी लेक दुसरीत जाणार होती. तिकडे ती मराठी माध्यमात शिकत होती. इंग्रजी कविता तोंडपाठ, पण कुणी इंग्रजीत काही विचारलं की माझ्या मागे लपायची.

कॅलिफोर्नियात सरकारी शाळा साधारणपणे पत्त्यावरून ठरते. शाळा चालवतं ते स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि त्याची हद्द शहराच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. सनीवेलच्या काही भागांतली मुलं क्युपर्टिनोच्या डिस्ट्रिक्टमध्ये जातात, काही सांता क्लाराच्या. म्हणून करारावर सही करण्याआधी घराचा पत्ता डिस्ट्रिक्टच्या यादीत शोधून बघा. आम्ही तेवढं शहाणपण केलं होतं.

प्रवेशासाठी भाडेकरार, विजेचं बिल आणि पासपोर्ट चालून गेले. अडलं ते लसींवर. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही, आणि इथे तिचे दोन डोस लागतात. गालगुंडाचंही तेच. निघायच्या आधी पुण्यातच डोस घेऊन नोंद करून आणली असती तर धावपळ वाचली असती. पहिला डोस इथे घेतला, पुढच्याची तारीख लिहून दिली आणि प्रवेश झाला.

मग समोर आला घरच्या भाषेचा फॉर्म. चारच प्रश्न. मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी ते जास्त कोणती भाषा बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता, आणि घरातली मोठी माणसं कोणती भाषा बोलतात. पहिल्या तीनपैकी कुठेही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली की मुलाची ‘एल्पॅक’ नावाची इंग्रजीची चाचणी होते. ओळखीच्या दोघी-तिघींनी मला आधीच बजावलं होतं, “सगळीकडे इंग्लिश लिही. नाहीतर पोरीवर ‘इंग्रजी येत नाही’ असा शिक्का बसेल आणि वर्षानुवर्षं निघणार नाही.” नवऱ्याचंही तेच मत होतं. मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. लेक शेजारी बसून विचारत होती, “आई, काय लिहितेयस?” ती विचारत होती मराठीत. मी चारही ओळींत मराठी लिहिलं.

प्रवेशापासून तीस दिवसांत चाचणी व्हावी लागते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग. बोलण्याचा भाग एक बाई समोर बसून घेतात. चित्र दाखवून प्रश्न विचारतात, गोष्ट ऐकवून ती परत सांगायला लावतात. लेक घरी येऊन म्हणाली, “गोष्ट मला कळली होती गं, पण सांगता नाही आली.” त्या रात्री मला झोप लागली नाही. पत्र आलं त्यात सर्वांत खालची पातळी होती.

ज्याची भीती घातली होती ते प्रत्यक्षात असं होतं: रोज ठरावीक वेळ चार-पाच मुलांच्या गटात इंग्रजीचं वेगळं शिक्षण, बाकी दिवस वर्गाबरोबरच. गटात एक मँडरिन बोलणारा मुलगा आणि दोन स्पॅनिश बोलणाऱ्या मुली. माझी लेक शाळेत पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली ती या गटात, कारण तिथे चुकायची लाज कुणालाच नव्हती. हे शिक्षण कुणाच्या कृपेने मिळत नाही. 1974 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की न कळणाऱ्या भाषेत नुसतं वर्गात बसवून ठेवणं म्हणजे समान शिक्षण नव्हे. शिवाय 2013 पासून कॅलिफोर्नियात इंग्रजी शिकणाऱ्या मुलामागे डिस्ट्रिक्टला जादा निधी मिळतो. म्हणजे मी ‘इंग्लिश’ लिहिलं असतं तर लेकीचा हक्क मीच खोडला असता.

तो निधी कुठे जातो हे मला बघायचं होतं. एकवीस किंवा जास्त अशी मुलं असलेल्या शाळेत त्यांच्या पालकांची समिती लागते, आणि एक्कावन्न झाली की डिस्ट्रिक्टचीही. मी शाळेच्या समितीत गेले. पहिल्या बैठकीत गप्प बसले. दुसऱ्या बैठकीत विचारलं, गटाला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून किती वेळ येतात, आणि त्या आजारी पडल्या तर कोण घेतं? पुढच्या बैठकीत वेळापत्रक कागदावर आलं. डिस्ट्रिक्टची समिती वार्षिक आराखड्यावर मत देते आणि अधीक्षकांना तिला लेखी उत्तर द्यावं लागतं, हेही तिथेच कळलं. आपली माणसं या बैठकांना फार कमी दिसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दर वसंतात पुन्हा चाचणी. दुसरीत पातळी दोन आली, तिसरीत तीन, चौथीत चार, म्हणजे सर्वांत वरची. पण चार मिळाले म्हणून लगेच त्या गटातून बाहेर पडता येत नाही. शिक्षकांचं मत, वाचनातली बाकीची कामगिरी आणि पालकांशी चर्चा, हे सगळं बघितलं जातं. त्या चर्चेत मी सांगितलं की तिचं लिहिणं अजून मला कच्चं वाटतं. बाईंनी तिची वही उघडून दाखवली. दीड पानाचा मजकूर होता, आजीच्या अंगणातल्या चिंचेवर. मग मी सही केली. पुढची चार वर्षं शाळा तिच्या प्रगतीवर लक्ष ठेवणार आहे.

कुणाच्या सांगण्यावरून फॉर्ममध्ये इंग्रजी लिहून बसला असाल, तर पहिली चाचणी व्हायच्या आत तो दुरुस्त करता येतो. चाचणी टाळता येत नाही. नंतरचा वेगळा वर्ग मात्र पालकांना नाकारता येतो.

यंदा धाकट्याला बालवर्गात घातलं. तो इथेच वाढला, ताईशी इंग्रजीत भांडतो, पण बोलायला लागला तो ‘दे’ म्हणूनच. या वेळी नवऱ्याने फॉर्म भरला. त्याची चाचणी पुढच्या मंगळवारी आहे.