जुन्या छापखान्यांच्या फायली: फ्लॉपी सोडली, सीएफ कार्ड धरलं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या छापखान्यांतल्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या फायली नव्या मशीनवर न्यायच्या, तर अजून तीन तऱ्हेची मशीनं निघतात: डॉस ६.२२ (आज्ञा टाइप करून चालणारी जुनी सिस्टीम) ची ४८६, विंडोज ९८ ची पेंटियम आणि विंडोज एक्सपीची. एक्सपीत डोकं घालायचं कारण नाही, फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावला की काम झालं. ९८ सेकंड एडिशनला मात्र पेनड्राइव्हचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. तो नेण्यापुरती सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी सीडी) ठेवा. पुन्हापुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू नको, तिचं परावर्तन कमी असल्यानं जुने ड्राइव्ह तिला ओळखतच नाहीत.

फ्लॉपीचं खरं दुखणं खानापूरकडच्या पावसात. घालण्याआधी पत्र्याची झडप सरकवून चकती उजेडात फिरवून बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, बुरशी हेडला (चकती वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. शिवाय मावतात १.४४ एमबी. चित्रं घातलेली लग्नपत्रिकेची एक पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) फाइलसुद्धा त्यात बसेल याची खात्री नाही.

म्हणून ४८६ आणि पेंटियमला आता सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्डच. आयडीई म्हणजे जुन्या मशीनची हार्ड डिस्क जोडायची पद्धत. सीएफ ते आयडीई अडॅप्टर साधा असतो, कारण कार्डाला आयडीईची भाषा मुळातच येते. मशीन बंद करून ४० पिनी केबल लावा, लाल कड १ नंबरच्या पिनेकडे. पॉवरला फ्लॉपीचा छोटा कनेक्टर, जंपर (छोटी टोपी) स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या डिस्कच्या जागी. कार्ड ५१२ एमबीच्या वर घेऊ नका: जुन्या बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) डिस्क मोजायची मर्यादा १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, म्हणजे सुमारे ५२.८ कोटी बाइट.

एफडिस्क (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन पाडणारी आज्ञा) आणि फॉरमॅट त्या जुन्या मशीनवरच करा. कार्ड रीडरमध्ये पार्टिशन केलं तर सिलिंडर-हेडचा हिशेब बायोसशी जुळेलच असं नाही. मग कार्ड दिसतं, पण फायलींत कचरा येतो. एफडिस्कमध्ये दुसरी डिस्क निवडलीय ना, हे दोनदा बघा. चुकून पहिली निवडली तर छापखान्याचा सगळा डेटा गेला.

चालू मशीनमधून कार्ड उपसू नका, आयडीईला ते झेपत नाही. स्मार्टड्राइव्ह (डिस्कवर लिहायचं आधी मेमरीत साठवणारा डॉसचा प्रोग्राम) चालू असेल तर लिहिलेलं अजून मेमरीतच अडकलेलं असू शकतं. बंद करण्याआधी 'स्मार्टडीआरव्ही /सी' (SMARTDRV /C) द्या, मग 'एफसी /बी' (FC /B) नं मूळ फाइल आणि प्रत ताडून बघा.

फायलींबरोबर श्रीलिपीचे (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे) फॉन्टही उचला. तेवढे राहिले की नव्या मशीनवर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो, आणि फाइलच बिघडली असं वाटतं.

सव्वापाच इंची फ्लॉप्या अजून बाकी आहेत. बाजारातल्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हला त्या चालत नाहीत, मदरबोर्डला जोडलेला १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्हच लागेल. त्यात ३६० केबीची फ्लॉपी वाचा, पण तिच्यावर लिहू नका. या ड्राइव्हचा ट्रॅक अरुंद पडतो, आणि नंतर मूळ ३६० च्या ड्राइव्हला ती नीट वाचता येत नाही.