हुक कशाला अडकवायचा?

मी बांधकामावर माणसं पुरवतो असं कळलं की एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही हेल्मेट देता, बेल्ट देता, तरी ही माणसं वापरत नाहीत. मग तुम्ही तरी काय करणार?" बरीच वर्षं मी यावर नुसती मान डोलवायचो. आता डोलवत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

प्लास्टरचं काम चालू होतं. परांचीवर दोन फळ्यांच्या फटीत माझ्या एका गवंड्याचा पाय गेला आणि तो खालच्या टप्प्यावर आदळला. मनगट मोडलं, जीव वाचला. अंगात पडताना धरून ठेवणारा बेल्ट होता, पण त्या बेल्टच्या दोरीचा हुक गवंड्याच्याच कमरेच्या कडीत. मी चिडलो, "हुक का नाही अडकवलास?" तो कळवळतच म्हणाला, "कशाला अडकवू, सांगा की." मी वर चढून पाहिलं. हाताशी एकच आडवा पाइप होता, आणि तो हलवला तर कपलर, म्हणजे पाइप जोडणारी पकड, फिरत होता. त्याला हुक लावला असता तर पाइपासकट खाली आला असता.

हुक पायाशी लावूनही भागत नाही. दोरीची लांबी, झटका सोसणारी पट्टी उलगडते ती, वर माणसाची उंची, असं धरलं तर खाली पाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर दोरी ताणली जाण्याआधी माणूस जमिनीवर असतो. म्हणून लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायचा पक्का बांधलेला दोर, डोक्याच्या वर हवी, आणि ती बांधणं गवंड्याचं काम नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८८ सालच्या बांधकाम-सुरक्षेच्या करारात (क्रमांक १६७) म्हटलंय की दुसऱ्या उपायांनी पुरेसं संरक्षण मिळत नसेल तिथे अशी साधनं द्यायची, तीही कामगाराकडून पैसे न घेता. म्हणजे कठडा आधी, अखंड फळ्या आधी, बेल्ट नंतर. आपण बेल्ट वाटून मोकळे होतो.

त्यात काम उक्तं. चौरस फुटावर पैसे मिळणारा माणूस दर दोन पावलांना हुक काढून लावत बसला, तर त्याचीच मजुरी बुडते. त्याला बेफिकीर म्हणणं मला आता जमत नाही. परांची बांधणारी टोळी मी उक्त्यावरून काढून रोजावर घेतली. कठडा, जाळी, लाइफलाइन यांचा खर्च दरात न मिसळता कोटेशनमध्ये वेगळा लिहितो. त्यापायी कामं गेली आहेत, जातात.

धुळीचं तर कोणी विचारतही नाही. कोरड्या काँक्रीटवर कटर फिरवला की सिलिकाची जी धूळ उडते, ती फुफ्फुसात बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. दम लागायला बहुतेकदा वर्षं जातात. तोवर तो माणूस दहा मुकादमांकडे राबून गेलेला असतो आणि माझ्या हजेरीवहीत त्याचं नावही नसतं. कटरला पाण्याची बारीक धार लावली की धूळ बरीच बसते. एवढं साधं काम मी किती उशिरा केलं, याचं वाईट वाटतं.

आणखी एक. बेल्टला लटकलेल्या माणसाला मिनिटांत खाली घ्यावं लागतं, कारण मांडीचे पट्टे रक्त अडवतात. म्हणून रोज सकाळी हजेरीनंतर अशा माणसाला उतरवणाऱ्या दोघांची नावं ठरतात, शिडी कुठे ठेवलीय ते दाखवलं जातं, मगच माणसं वर चढतात. तो गवंडी अजून माझ्याकडेच आहे. थापी धरताना मनगट दुखतं म्हणतो. परवा परांचीवर चढल्या चढल्या तो एकेक पाइप हलवून बघत होता, आणि खाली बाकीचे थांबले होते.