अकरा प्रवेश, चाळीस मिनिटं

परदेशी इंटर्न येणार म्हटलं की आमच्या ऑफिसात कौतुक साहेबांच्या वाट्याला येतं आणि धावपळ माझ्या. राहायला जागा बघा. घरमालकिणीकडून 24 तासांच्या आत परदेशी पाहुणी राहायला आल्याचं कळवणारा सरकारी फॉर्म भरून घ्या (कोथरूडच्या काकू तर पोलिसांचं नाव काढताच 'नको गं बाई' म्हणाल्या होत्या). पाणी कुठलं प्यायचं ते सांगा, आणि 10 आठवड्यांनी तिच्या विद्यापीठाच्या कागदावर सही करा. यंदा आली ती जर्मनीची, 21 वर्षांची, शिक्षणशास्त्र शिकणारी. खरं सांगते, ही पहिल्या पावसात पळेल असं मला वाटलं होतं. पळाली नाही.

आम्ही बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांचे वर्ग चालवतो. माझ्याकडे बाणेर-म्हाळुंगे पट्ट्यातल्या चार साइट आहेत. लोक विचारतात, या मुलांना शिकवणं अवघड जात असेल ना? शिकवणं सोपं आहे हो. अवघड आहे तो स्लॅब. स्लॅब टाकायचा असेल त्या दिवशी आया रात्रीपर्यंत कामावर, आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरी धाकट्याला कडेवर घेऊन पत्र्याच्या खोलीशी अडकलेल्या. म्हणून सकाळी मी आधी सुपरवायझरला फोन करते, हजेरीची वही नंतर उघडते. बाळ घेऊन आलेली पोरगी परत पाठवायची नाही, एवढा एकच नियम मी माझ्या वर्गात ठेवलाय.

वाचनचाचणी मात्र मी कुणाला सहजासहजी करू देत नाही. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो जमला तर गोष्ट द्यायची, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. हे कागदावर कुणालाही कळतं. पण मुलाच्या समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. हातात पेन दिसू द्यायचं नाही, पेन दिसलं की आवाज पडतो. आणि बाकीची पोरं कानाच्या टप्प्यात नकोत, कारण तिसऱ्या पोरापर्यंत अख्खा परिच्छेद पाठ झालेला असतो आणि अक्षरओळख नसलेलाही तो घडाघडा म्हणून दाखवतो. मोठमोठ्या पदव्यांचे लोक हे विसरतात. ही जर्मन पोरगी विसरली नाही. उलट एके दिवशी पोरांनी तिचीच चाचणी घेतली. 'ळ' आणि 'ढ'वर ती अडली. पोरांनी निकाल लावला, दीदी अक्षर पातळीवर, हिला पहिलीत घाला. मग कुणीतरी शंका काढली, पण दीदीला मावेल असा बाक कुठे आहे?

हे पहिलीत घालण्याचं प्रकरण आमच्याकडे गमतीचं नाही. एका साइटवरची अकरा मुलं जवळच्या महापालिकेच्या शाळेत घालायची होती. मी चार वेळा जाऊन आले होते. मुख्याध्यापक दर वेळी आधार, जन्मदाखला, आधीच्या शाळेचा दाखला मागायचे. शिक्षण हक्क कायदा 2009चा, लागू 2010पासून. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मधे आला म्हणूनही नाही, आणि मूल त्याच्या वयाच्या वर्गातच बसवायचं. कलम 4, 14, 15 मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरते. सर वाचायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, पुढच्या आठवड्यात या, वर विचारून ठेवतो."

पाचव्या खेपेला मी तिला बरोबर नेलं.

सर उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठले नव्हते, आणि मी या कामात नऊ वर्षं आहे. चहा आला, पाठोपाठ बिस्किटं. "माय नेफ्यू, मॅक्सम्युलर भवन, जर्मन लर्निंग!" तिने हसून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, सर हरखले. मी पिशवीतून कलमं काढलीच नाहीत. क्लार्कने रजिस्टर आणलं, पालकांचा अर्ज हाच वयाचा पुरावा धरला. चाळीस मिनिटांत अकरा प्रवेश झाले. शेवटी सावित्रीबाईंच्या तसबिरीखाली फोटो. संध्याकाळी तो कुणीतरी मला पाठवला, खाली लिहिलं होतं 'परदेशी पाहुण्यांची शाळेस सदिच्छा भेट'. फोटोत मी अर्धी आहे. पोरं नाहीतच.

तिने अहवालात लिहिलं, शाळेचं सहकार्य उत्तम. मी ते खोडलं नाही.

सरांना नावं ठेवून मोकळं होता आलं असतं. पण दीड महिन्यात त्या इमारतीचे स्लॅब संपले, ठेकेदाराने माणसं चाकणच्या साइटवर हलवली आणि अकरातली सात मुलं गेली. सरांचा फोन आला, "मॅडम, तुमची पोरं कुठायत? पटावर नाव, वर्गात पत्ता नाही. उत्तर मी द्यायचं." आधार नसलेलं मूल संचमान्यतेत सहसा धरत नाहीत, म्हणजे शिक्षक किती मिळणार या हिशेबात ते बहुतेकदा नसतं, पण गैरहजेरीत मात्र असतं. हे मला माहीत होतं. तरी चार खेपा मी त्यांच्यासमोर कायदाच वाचत बसले होते. फोन ठेवताना ते म्हणाले, "त्या जर्मन मॅडम परत कधी येणार?"

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. आल्यापासून ती तुळशीबागेत घेतलेले सुती कुर्ते घालायची. साइटवरच्या बायकांना ते आवडायचं, एकीने तर तिला टिकल्यांचं पाकीट दिलं होतं. शाळेत जायच्या आदल्या रात्री मी तिला मेसेज केला होता, 'उद्या कुर्ता नको, तुझे तिकडचे कपडे घाल.' तिने कारण विचारलं नाही. रिक्षात जागा होती म्हणून तिला नेलं, असं मी ऑफिसात सांगितलं.

तिच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या एका शाळेत सहा मुलांसाठी जायचं होतं. तिथेही माझ्या तीन खेपा झाल्या होत्या. आदल्या रात्री साडेनऊला तिचाच मेसेज आला. 'ताई, उद्या कुर्ता की पँट?'

माझं उत्तर गेलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पँट.