बेसिनच्या नळाचं पाणी

मी क्रूझ जहाजावर केबिन स्टुअर्ड आहे. प्रवासी केबिनमध्ये शिरला की टेबलावर त्याला पहिली दिसते ती सीलबंद बाटली, गळ्यात किमतीचं कार्ड अडकवलेली. सील तोडलं की पैसे त्याच्या खात्यावर चढतात. फुकटचं आणि चांगलं पाणी दोन पावलांवर, बेसिनच्या नळाला असतं. ते लिहिलेलं असतं इंग्रजी माहितीपुस्तिकेच्या कुठल्यातरी पानावर. हे मला मनापासून पटत नाही, आणि का पटत नाही ते एका दिवसात घडलेल्या प्रकारावरून सांगतो.

मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी सफर होती, मे महिन्यातली. माझ्या पट्ट्यात शिवडीचं एक वयस्कर जोडपं आलं होतं. काका महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले चावीवाले. गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचे आणि वेळेवर बंद करायचे, यात त्यांची नोकरी गेली. लेकीनं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून सफर दिली होती. बॅलार्ड पियरला उन्हातून येणं, सामानाची तपासणी, कागदपत्रांच्या रांगा, या सगळ्यात आजी केबिनपर्यंत पोचेतो थकून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोली आवरायला गेलो. आजी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मला पाहून उठायला गेल्या आणि तोल गेला. मी दंडाला धरलं म्हणून पडल्या नाहीत. ओठ कोरडे, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती.

"आजी, पाणी कधी प्यायलात?"

त्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "घरून आणलेलं रात्री संपलं. सकाळी चहा घेतला की दोघांनी."

टेबलावरची बाटली जशीच्या तशी होती. "पोरीच्या कार्डावर कशाला उगाच बोजा," एवढंच ते बोलले. वरच्या डेकवर बुफेला पाण्याचं मशीन आहे, पण केबिन जहाजाच्या पार पुढच्या टोकाला आणि आजींचे गुडघे धरलेले. मी ग्लास घेऊन बेसिनकडे वळलो, तर काकांनी हात आडवा केला.

"ते नको रे बाळा. संडासातलं पाणी आहे ते."

मी वाद घातला नाही. आमच्या घरीही माठ स्वयंपाकघरातच असतो, मोरीच्या नळाला तोंड धुण्यापलीकडे कुणी हात लावत नाही. आमच्याकडच्या माणसाला नळ कुठल्या खोलीत आहे यावरून पाणी कळतं. जहाज बांधणाऱ्याच्या हे ध्यानात येणार नाही, पण जहाज चालवणाऱ्यानं तरी ते ध्यानात घ्यायला हवं. मी पॅन्ट्रीतून जग भरून आणला आणि दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टर आले. आजींचं बीपी खाली गेलं होतं. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, वर पोटात पाणी नाही. या वयात तहान लागल्याचं लवकर कळतही नाही, असं डॉक्टर म्हणाले. ओआरएस घोट घोट पाजायला सांगितलं. संध्याकाळी आजी उठून बसल्या, भूक लागली म्हणाल्या. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्याच संध्याकाळी इंजिन विभागातला एक ज्युनिअर इंजिनिअर नळांचे नमुने तपासत फिरत होता, रत्नागिरीकडचा मुलगा. मी त्याला म्हटलं, तुझी तपासणी या केबिनमध्ये कर. त्यानं बेसिनचा नळ थोडा वाहू दिला, छोट्या काचेच्या नळीत पाणी घेतलं आणि त्यात एक बारीक गोळी टाकून हलवलं. पाणी गुलाबी झालं. नळी त्यानं रंगांच्या तक्त्याशेजारी धरली, आणि काका चष्मा लावून पुढे सरकले.

"शेवटच्या टोकाला क्लोरीन किती ठेवता?"

"लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली येऊ देत नाही, काका. हे त्याहून बरंच वर आहे."

"आपल्याकडंही ०.२च धरतात." मग खात्यातला माणूस जागा झाला. पाणी आणता कुठून? टाकीत किती दिवस पडून असतं? मैल्याची लाइन कुठून जाते?

पोरानं शांतपणे सगळं सांगितलं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी प्रचंड दाबानं पडद्यातून ढकलतात, मीठ मागे राहतं. दुसरी रीत वाफेची. इंजिनाची उष्णता वापरतात, आणि आतली हवा काढून घेतलेली असल्यानं पाणी १०० अंशांच्या बरंच खाली उकळतं. असं मिळालेलं पाणी अगदी बेचव, म्हणून चुनखडीच्या थरातून नेऊन त्यात खनिजं घालतात, मग क्लोरीन. बंदरातलं पाणी घाणेरडं, तिथं ही यंत्रं बंद ठेवतात. किनारा मागे पडल्यावर सुरू करतात. प्यायच्या पाण्याच्या पाइपला निळा पट्टा असतो. कमोडचा मैला वेगळ्या पाइपातून ओढून नेतात, दोन्हींचा संबंध येत नाही.

काकांनी ग्लास भरला, आधी वास घेतला, मग सगळा रिकामा केला. "भांडुपहून निघालेल्या पाण्याला असाच वास असायचा," ते आजींना म्हणाले. आजींनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मला मात्र तू जगमधूनच दे हो." मी दिलं. पाणी तेच, पण ते त्यांच्या पोटात जायला हवं होतं.

मी सुपरवायझरकडे गेलो. नळाचं पाणी पिता येतं हे सांगणारी मराठी-हिंदीतली चिठ्ठी केबिनमध्ये ठेवायला नकार मिळाला. मागणाऱ्याला भरलेला जग द्यायची परवानगी मात्र मिळाली. आमचं काम त्यावर भागलं, कारण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काका टेबलाटेबलावर जाऊन मराठी मंडळींना नळाच्या पाण्याबद्दल सांगत होते. बुफेच्या मशीनला बाटलीचं तोंड लावू नका, एकाचा आजार सगळ्यांना होतो, ग्लासनं घ्या, हेही त्यांनी बजावलं. दुपारपर्यंत माझ्या पट्ट्यातून इतक्या केबिनींनी जग मागितले की पॅन्ट्रीतले संपले आणि मला किचनमधून दुधाचे जग धुऊन आणावे लागले.