खिजडियाचा बांध

बडोद्याच्या आम्हा मराठी मंडळींचे पक्षिनिरीक्षण बहुधा डभोईजवळच्या वढवाणा तलावावरच आटोपते. आज मात्र जामनगरजवळचे खिजडिया पक्षी अभयारण्य पाहिले. दोन्ही ठिकाणांना २०२१ साली रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, पण स्वभाव अगदी वेगळे. वढवाणा हा सयाजीराव महाराजांच्या काळातला सिंचनाचा तलाव आहे, तर खिजडियाचा बांध नवानगर (जामनगर) संस्थानाने समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातला, आणि त्यामुळे एका बाजूला गोडे पाणी व दुसऱ्या बाजूला कच्छच्या आखाताची खारी दलदल असा दुर्मीळ शेजार आपोआप तयार झाला.

गोड्या पाण्यावर थापट्या बदके आणि जांभळ्या पाणकोंबड्या होत्या. माझा वेळ खरा गेला तो उथळ खाऱ्या पाण्यातल्या उचाट्या पक्ष्यांपाशी, कारण वर वळलेली बारीक चोच डावी-उजवीकडे फिरवत चिखलातले किडे टिपण्याची त्यांची रीत, डोके उलटे करून पाणी गाळणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या शेजारीच पाहायला मिळाली. (छायाचित्रे काढणाऱ्यांनी थोडे हळू बोलावे, एवढीच विनंती.) जाणार असाल तर हिवाळ्यात, भल्या सकाळी जावे आणि ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवावी.